नसजोड महाराजांची पांढरी वाटी

"मानवजातीने आजवर जे जे गमावले, ते आज अहेरीत परत मिळेल," असं नसजोड महाराजांनी कर्ण्यावरून जाहीर केलं आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडून ते मोहाच्या झाडामागे लघवीला गेले. माईक चेल्याकडे द्यायचा राहिला होता. जमलेल्या दोनशे लोकांनी तोही भाग हात जोडून ऐकला.

साल अठ्ठ्याण्णव, मे महिना, आठवडी बाजाराचा दिवस. बारा दिवसांपूर्वी गावात पुरुष नसबंदीचं शिबिर झालं होतं. बिनटाक्याचं ऑपरेशन, लगेच घरी. या कामासाठी बायकांना जीप भरभरून नेणाऱ्या आपल्या समाजात सोळा पुरुष स्वतःच्या पायांनी चालत आले, हा खरा चमत्कार होता. पण तो पाहायला कोणी आलं नाही. गर्दी झाली ती महाराजांना.

महाराजांचं काम एकच. कापलेली नस मंत्राने जोडून देणे. रोग्याने कनातीमागे जाऊन लोट्यात लघवी आणायची. महाराज ती पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत ओतत, वर चिमूटभर हळद टाकत आणि डोळे मिटत. वाटीत रक्तासारखा लाल रंग उतरे. मग मंत्र म्हणत लिंबू पिळलं की लाल पुन्हा पिवळं. "जोडली," महाराज म्हणत. वर सात लोटे मंतरलेलं पाणी रोज प्यायचं. कोलू नावाच्या गड्याची लघवीची आग मागच्या बाजारी दिलेल्या याच पाण्याने थांबली होती. तेव्हापासून तो महाराजांचा चालताबोलता दाखला होऊन पहिल्या रांगेत बसे.

आज पाळी श्रीहरीची होती. चार बांध्या धानशेतीचा धनी, शिबिरात सर्वांत पुढे जाऊन झोपलेला.

"काय होते बाप्पा?"

"आग होते जी. घडीघडी जा लागते, अन् येते थेंबभर."

"येनारच. नस रडून राह्यली तुही. जो जीव तुह्या घरी यायचा होता, त्याची वाट तू कापली. तो आता दुसऱ्या दारानं बाहेर यायले धडपडून राह्यला."

दोनशे लोकांनी श्रीहरीच्या लुंगीकडे आदराने पाहिलं.

वाटी लाल झाली. महाराजांनी निकाल दिला. "सरकारी गोळ्या नदीत टाक. अन् वर्षाच्या आत घरात पाळना हालला पायजे. तोवर आग जात नाई."

श्रीहरीची बायको अंजनाबाई उठून उभी राहिली. धाकट्या नूतनच्या वेळी तिला जीपमध्ये टाकून चंद्रपूरला न्यावं लागलं होतं. चार बाटल्या रक्त चढलं, तेव्हा ती परत आली. पुढचं बाळंतपण हिला घेऊन जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तर श्रीहरी शिबिरात गेला होता.

"पाळना हालन जी," ती म्हणाली, "पन हालवाले मी राहीन का?"

"बाई, हे देवाचं काम आहे."

"मंग देवालेच बाळंत होऊन पाह्य म्हना."

"तू चूप बस," श्रीहरी म्हणाला. "रक्त दिसलं नाई का तुले?"

"घरात बाबासाहेबांचा फोटो, अन् तुमी वाटीतल्या रंगाले भिऊन राह्यले?" एवढं बोलून ती बाजारातून सरळ सरकारी दवाखान्याकडे निघाली.

अर्ध्या तासाने परतली ती नाहीद सिस्टरला घेऊन. शिबिरात अवजारांचा ट्रे धरून उभी असलेली हीच. नूरुद्दीनभाई पानठेलेवाल्यांची मुलगी. अर्ध्या अहेरीची तोंडं तिच्या अब्बूंनी रंगवलेली.

नाहीदने कोणाला काही विचारलं नाही. महाराजांच्या टोपलीतली एक कोरी वाटी उचलली, बाजारातल्या मटक्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि महाराजांचीच हळद वर टाकली.

पाणी लाल झालं.

"आता सांगा," ती म्हणाली. "ह्या पाण्याची नस कोणी कापली?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"पान्यातबी जीव असते, बाई," महाराज म्हणाले.

"असते ना. म्हणून तर आम्ही उकळून प्या म्हणतो." तिने नखाने दुसऱ्या वाटीचा तळ खरवडला आणि बोट सर्वांपुढे धरलं. "चुना. पांढऱ्या वाटीत पांढरा चुना, वाळल्यावर दिसणार कोणाले? चुन्यावर हळद पडली की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीच्या हाताने चुना घेतला की बोटं लाल होतात, हे मी पाचवीत असताना ठेल्यावर पाहिलं. तेव्हा मले कोणी महाराज नाई म्हटलं."

"पन माही आग तर गेली ना?" कोलूने दाखल्याचं कर्तव्य बजावलं.

"सात लोटे पाणी रोज प्यायलास. तुझी तेवढ्यानेच गेली, मंत्र नसता तरी." मग ती वळली. "श्रीहरीभाऊ, तुम्ही दिवसाला किती पाणी पिता?"

"दोन पेले."

"मे महिन्यात? काऊन?"

"आता असं पाह्य सिस्टर. बांधीची पार फुटली अन् मातीचा नवा बांध घातला, तर माती वाळेपर्यंत आपन पानी सोडतो का? नस ताजी कापलेली. पानी सोडलं तर जोडावरून फुटन ना."

धानवाले सगळे गंभीरपणे माना डोलावू लागले. तर्क बिनचूक होता. फक्त पाट चुकला होता.

"लघवीची वाट वेगळी, बीजाची वाट वेगळी," नाहीद म्हणाली. "आम्ही बीजाची बंद केली. लघवीच्या वाटेला हात लावला नाई. एवढ्या उन्हात दोन पेले प्याल तर आग होईलच. जंतूही झाले असतील, म्हणून आजच लघवी तपासायला द्या. गोळ्या मिळतील त्या पूर्ण घ्या. ताप आला, सूज वाढली, लघवी अडली, तर घरी बसू नका."

तेवढ्यात आलापल्लीकडची जीप निघाली. महाराज तिच्यात होते. वाट्या इथेच राहिल्या. लोकांनी त्या एकेक उचलून खरवडून पाहिल्या, आणि हे मला फार आवडलं. माझं म्हणणंही तेवढंच आहे. आग झाली तर लघवी तपासा, रंग बदलला तर वाटी तपासा. आणि जो वाटीला हात लावू देत नाही, त्याच्या शब्दावर घरच्या बाईचा जीव टांगू नका. याला विद्वत्ता लागत नाही, एक नख पुरतं.

"अजून एक," नाहीद म्हणाली. "नळीत आधीचं बीज शिल्लक असते. तीन महिने निरोध वापरल्याशिवाय भरवसा नाई. एवढं चुकलं तर ऑपरेशन होऊनही अंजनाबाईचा जीव धोक्यात."

तिने पिशवीतून पाकिटं काढली. अंजनाबाईने सर्वांदेखत हात पुढे केला.

भर बाजारात दोनशे लोकांसमोर लघवीचा लोटा मिरवलेला श्रीहरी पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, तेवढं पेपरात गुंडाळून द्या ना. लोकं पाहून राह्यले."