दस्तगीर पैलवानांचा हात

हल्ली पुतळा म्हटलं की आधी जातधर्म विचारतात. पण जवळा बाजारच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात दस्तगीर पैलवानांच्या पुतळ्याचा ठराव आला, तेव्हा ग्रामसभेत कुणीही नाक मुरडलं नाही. मुरडणार तरी कोण? दिल्लीहून पदक आणणारा हा गावातला एकमेव मल्ल, आणि पुढं तीस वर्षं घराघरातलं लेकरू त्यांनीच तालमीत घुमवलेलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा गावात चूल पेटली नव्हती.

ठराव मांडला तातेरावांनी. "दिलदार गडी!" लोक म्हणाले. कारण दस्तगीर पैलवानांना चितपट करणारा पंचक्रोशीत एकच माणूस होता, तो तातेराव. चाळीस वर्षं त्या एका कुस्तीवर त्यांचा मान टिकून होता. लग्नात फेटा आधी त्यांना, जत्रेत नारळ त्यांच्या हातानं.

वसमतच्या शिल्पकार भीमराजनं पुतळ्याचा मातीचा नमुना केला. त्याचा फोटो मोबाइलवर घेऊन तातेराव पैलवानांच्या घरी गेले, आणि गाडी तिथंच अडली.

"आमच्यात मूर्त चालत न्हाई, भाऊ," पैलवानांच्या पत्नी जैतूनबी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी मायेनंच करून राहिले, मला कळतं. पन उद्या लोक हार घालतील, पाया पडतील. त्येंनी जितेपनी कुनाला पाया पडू दिलं न्हाई."

जैतूनबींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. नवऱ्याचा मातीचा चेहरा त्यांनी बराच वेळ पाहिला, मग बोट खाली सरकलं.

"ह्यो हात असा पुढं काहून?"

भीमराजनं नमुना केला होता तालमीत टांगलेल्या फोटोवरून. तो फोटो त्याच कुस्तीचा. तळवा वर करून उजवा हात पुढं केलेले पैलवान. ते सलामी देताहेत, असंच सगळं गाव समजायचं. तातेरावही आजवर हो म्हणत आले होते. आताही तेच म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण या बाईपुढं त्यांना ते जमेना.

"सलामी न्हाई, भाभी. माती मागून राहिले होते त्ये."

आखाड्याचा रिवाज साधा आहे. घामानं हात निसटायला लागला, की मल्ल समोरच्यापुढं हात करतो. समोरच्यानं मूठभर माती द्यायची, मग पुन्हा भिडायचं. वैरी असला तरी द्यायची.

"मी न्हाई दिली," तातेराव म्हणाले. "हात पुढं होता, तवाच खाली वाकून पट काढला, पाय वढून पाडलं. गर्दीत कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. त्येंनीही कदी तोंडातून काढलं न्हाई."

ओढणीचं टोक जैतूनबींनी बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"त्या दिवशी जेवले न्हाईत," त्या म्हणाल्या. "मी लई विचारलं. हात निसटला, एवढंच बोलले."

तातेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले, तेव्हा जैतूनबींनी मोबाइल परत दिला.

"चेहरा नको. नुसता हात करा. असाच, मागनारा. आन् त्यो रिकामा ठिवू नका."

भीमराजनं तसंच केलं. कोपरापासून पुढचा भक्कम पितळी हात, खाली फक्त नाव. एवढा मोठा माणूस आणि नुसता हात? लोक कुरकुरले. तातेराव म्हणाले, कारण उद्घाटनाला सांगतो.

तो दिवस उजाडला. जैतूनबींनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सलामीचा हात म्हटलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या आणि मान तसाच राहिला असता. समोर तालमीतली पोरं मांडी घालून बसली होती. पैलवान म्हणजे काय, हे ती तातेरावांच्या त्याच कुस्तीच्या गोष्टीवरून शिकली होती. त्यांनी माइक हातात घेतला आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. पट कसा काढला, तेसुद्धा सांगितलं.

टाळी पडली नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मान फिरवली. ते बोचलं, पण हलकंही वाटलं.

तातेराव शेजारच्या तालमीत गेले. कुस्तीच्या हौदात हळद, ताक, तेल मुरवलेली माती होती. चिमूटभर घेऊन ते बाहेर आले आणि पितळी तळव्यावर ठेवली. ते हात जोडायला गेले, तोच मागून बायकांतून जैतूनबींचा आवाज आला.

"पाया नका पडू, भाऊ. आन् चिमटीनं काय व्हतंय? त्येंचा हात मोठा व्हता. भरून द्या."

तातेराव पुन्हा तालमीत शिरले. या खेपेला त्यांनी ओंजळ भरून माती आणली.