झुंबरबाई चिंचेवर

देवळाली प्रवरात पावणेसातला नळाला पाणी आले. झुंबरबाईंनी दोन हंडे भरले, अंगणातला चिंचेचा पाला लोटला, चहा गाळला आणि पहिला कप सुनेला दिला. सविता चार महिन्यांच्या पार्थला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती. आठवडाभर ती तिथेच निजत होती; अवकाळी वाऱ्यात चिंचेचा मनगटाएवढा फाटा तिच्या खोलीचा पत्रा फोडून पाळण्याशेजारी उतरला होता.

साडेसातला अझहर लाकूड कापायचे मशीन, शिडी आणि दोर घेऊन आला.

"बुडातूनच काढ," मच्छिंद्र म्हणाले. "रोजची धास्ती नको."

"आन् चैतात नातवाला पत्र्याखाली भाजू का?" झुंबरबाईंनी नवऱ्याला विचारले. "ती वाळकी फांदी तेवढी काढ, अझहर."

"खालून काय कळतंय, मावशी? वर जाऊन बघावं लागंल." एवढे बोलून तो मशीनमध्ये तेल ओतू लागला. मान वर केली तेव्हा पासष्ट वर्षांच्या झुंबरबाई काष्टा आवळून, कमरेला विळा खोचून, शिडीच्या शेवटच्या पायरीवरून झाडात शिरल्या होत्या.

"अगं, उतर. रात्री गुडघ्याला तेल कोनी चोळलं?"

"चालताना दुखत्यात. चढताना न्हाई."

वर वारा होता. ऊस, कालवा, शेजारच्या गच्चीवरच्या कुरडया, सगळे एकदम दिसले आणि झुंबरबाईंना हसू फुटले.

"अहो, टोपी घाला. वरून तुमचं टक्कल लई चकाकतंय. एखादं हेलिकॉप्टर उतरंल."

सविता हसता हसता भिंतीला टेकली. तिचे पाहून पार्थही खिदळला. अझहरचे तेल बुटावर सांडले. मच्छिंद्रांनी मुकाट्याने टोपी घातली, त्यावर तर तिघांची हसून पुरेवाट झाली.

झुंबरबाईंनी विळ्याच्या मुठीने वाळक्या फांदीवर ठोकले. आवाज ठणठणीत आला. तिची नुसती पानगळ झाली होती. मग त्या सविताच्या खोलीवर आलेल्या हिरव्यागार, चिंचांनी लगडलेल्या फांदीकडे सरकल्या. साऱ्या आळीच्या आमटीला तिचाच कोळ जाई. तिथे मूठ आपटताच रिकाम्या माठासारखा आवाज आला आणि सालीच्या भेगेतून मुंग्या बाहेर आल्या.

"काय झालं, आत्या?" सविताने खालून विचारले.

"हिरवीच पोकळ हाय."

"मग बुडातूनच?" मच्छिंद्रांनी विचारले.

झुंबरबाई उतरू लागल्या. फांद्या धरत खाली येताना त्यांनी खोडावर जागोजागी ठोकले, कान लावला. "खोड पक्कं हाय," शिडीपाशी त्या म्हणाल्या. "दोर टाक, अझहर."

दोर घेऊन त्या पुन्हा वर गेल्या. वरच्या भक्कम बेचक्यातून ओवून त्यांनी तो हिरव्या फांदीला दोनदा गुंडाळला, गाठ ओढून पाहिली आणि अझहरसाठी जागा सोडून उतरल्या. मशीन सुरू झाले. दोराचे दुसरे टोक मच्छिंद्र आणि झुंबरबाईंनी मिळून धरले, आणि पत्र्याला न लागता फांदी हळूहळू अंगणात उतरली.