माझ्या डोक्यातले चौकोनी भोक

मी एक जुनी बाहुली आहे, मित्रांनो. पण मला डोळे नाहीत, केस नाहीत आणि फ्रॉक तर कधीच नव्हता. मी वीतभर उंचीचा गोल लाकडी ठोकळा आहे. इंग्लंडातल्या लेस्टरशायरात डुकराच्या मांसाची पाई करणारे लोक आम्हाला बाहुलीच म्हणतात. कढत पाण्यात चरबी वितळवून पिठाची उकड काढायची, गोळ्यावर मला दाबून बसवायचे आणि उकड माझ्या अंगावरून हातांनी वर चढवत न्यायची. मग मला अलगद ओढून काढले की उभी पारी तयार. आत मांस भरून, झाकण लावून, कडेला मुरड घातली की पाई भट्टीत जायला मोकळी.

मला ओढून काढायला माझ्या डोक्यात भोक आहे. चौकोनी. सगळे भांडण त्यावरूनच झाले.

तिथल्या थॉर्बी गावच्या बाजारचौकात गॅड्सबींची दोन दुकाने आहेत, समोरासमोर. दोन्हींवर पाटी एकच: 'गॅड्सबींची मूळ पाई'. एक नॉर्मनचे, एक ट्रेव्हरचे. नॉर्मनचे आजोबा रूबेन आणि ट्रेव्हरचे आजोबा एमस, सख्खे भाऊ. धंदा रूबेनने काढला, असे नॉर्मन सांगे. रूबेन नुसता टोपली घेऊन हिंडायचा, धंदा एमसचा, असे ट्रेव्हर सांगे. नॉर्मनच्या मते ते भोक रूबेनने मला खुंटीला अडकवायला पाडले. ट्रेव्हरच्या मते पारी सुटताना हवा जावी म्हणून एमसने. खुंटीसाठी चौकोनी भोक कोण पाडतो, आणि अर्ध्यातच संपणाऱ्या भोकातून हवा जाणार कुठे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

मी सांगते. धंदा ना रूबेनने काढला, ना एमसने. तो त्यांच्या आईने काढला. मी तिच्या करवतीखाली जन्मले. मला ठाऊक नसेल तर कुणाला?

तिचे नाव केझिया. नवरा गेल्यावर ती शिकारीला येणाऱ्या साहेबलोकांचे कपडे धुऊन द्यायची. कपडे पिळायला तिच्या परसात लोखंडी यंत्र होते, दोन लाकडी रुळांचे. एका कडक थंडीत वरचा रूळ मधोमध तडकला. नवा परवडेना, धुणे बंद पडले. केझिया दिवसभर त्या रुळाकडे बघत बसली आणि संध्याकाळी तिने त्याचे चांगले टोक कापून घेतले. तीच मी. यंत्राचा लोखंडी खिळा ज्या भोकात बसायचा, त्यात बोट अडकवून ती मला पारीतून ओढायची. तिच्या हातांना साबणाच्या भेगा होत्या. पहिल्या पाई वाकड्या झाल्या, पण खपल्या. पोरगे तेव्हा शाळेत होते.

पुढे पोरगे मोठे झाले, बोलके झाले, आणि आईचे नाव पाटीवर यायचे राहूनच गेले. त्यानंतर पत्र्याचे साचे आले. मी नॉर्मनच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात पडून राहिले. तीस वर्षांत कुणी चौकशी केली नाही. मग गावच्या वस्तुसंग्रहालयाच्या बाईंनी मला मागितले, आणि दोन्ही दुकानांना माझा एकदम पुळका आला. दोघांनी पितळी बुचेही घडवून आणली. एकावर 'रूबेन, संस्थापक', दुसऱ्यावर 'एमस, संस्थापक'. शरदाच्या जत्रेत ज्याची पारी उभी राहील, त्याचे बूच माझ्या भोकात ठोकायचे आणि मला कायमची काचेत ठेवायची, असे ठरले. म्हणजे केझियाची एकुलती एक खूण होती, तीच बुजणार होती. मी लाकूड. ओरडणार कशी?

जत्रेत सगळा गाव जमला. वाफाळती उकड टेबलावर आली. आधी कोण, यावरून जुंपली. नॉर्मन म्हणाला, वडीलपणाचा मान माझा. ट्रेव्हर म्हणाला, तुझ्या आजोबांनी मान सोडून केलं काय? मग टोपली निघाली, खुंटी निघाली, कुणाच्या लग्नात कुणाला बोलावले नव्हते तेही निघाले. शेवटी नॉर्मनने गोळ्यावर मला दाबले, तर उकड चरचर तडकली. ट्रेव्हरने मला हिसकून घेतले. त्याच्या हातात पारीचे दोन तुकडे आले.

एनिड आत्या पुढच्याच खुर्चीत बसली होती. रूबेनची धाकटी मुलगी, ऐंशीच्या पुढची. दोघेही तिला आत्याच म्हणत.

"झालं?" ती म्हणाली. "उकड गार होईस्तोवर भांडलात. अगदी आजोबांवर गेलात रे, दोघंही."

"आत्या, तू मध्ये पडू नकोस," नॉर्मन म्हणाला.

"पडते. ते बूच ठोकायच्या आधी माझ्या परसात चला. बाहुली घेऊन या."

"आत्ता? कशाला?"

"तीनदा सांगितलं होतं कशाला. तेव्हा तुम्ही पाट्या रंगवत होतात."

गाव मागोमाग निघाला. आत्याच्या परसात वेलींत गुरफटलेले एक यंत्र होते, वर जिरेनियमच्या कुंड्या. तिने कुंड्या हलवायला लावल्या, वेल ओढायला लावली. खाली एक रूळ शाबूत. वरची जागा रिकामी, आणि तिथे गंजलेला चौकोनी खिळा. नॉर्मनने मला त्यावर टेकवले. मी टक्कन बसले. ट्रेव्हरने न राहवून दांडा फिरवला आणि मी फिरले, मित्रांनो, शंभरएक वर्षांनी फिरले.

"माझ्या आजीचं, केझियाचं कपडे पिळायचं यंत्र हे," आत्या म्हणाली. "याच्या रुळातून तिने बाहुली कापली. धंदा तिचा." मग संग्रहालयाच्या बाई हळूच म्हणाल्या, आता बुचावर केझियाचे नाव घालू.

"बूचच नको," आत्या म्हणाली. "बोट घालायचं भोक आहे ते. बुजवलंत तर ओढाल कुठून?"

म्हणून मी काचेत गेले नाही. एक आठवडा मी नॉर्मनकडे राबते, एक ट्रेव्हरकडे. दोघांच्याही पारीला अजून पोक येते. पाट्यांवर आता 'केझिया गॅड्सबींची' असे लिहिले आहे. 'मूळ' हा शब्द मात्र दोघांनीही खोडलेला नाही. मी हसते आणि कामाला लागते.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर नाव कोरायची घाई करू नका. तिला आधी हातात घ्या, काम करू द्या आणि तिच्या अंगावरचे भोक कशाचे, ते विचारा. माझे भोक मी कुणाला बुजवू देणार नाही. विश्वास नसेल तर नाक जवळ आणा. इतक्या वर्षांच्या चरबीखाली तिथे अजून साबणाचा वास आहे.