न बघता केलेली खूण

अकरा बायकांचे गुडघे तपासायचे होते आणि मी, माणगावच्या दवाखान्यातली तीन आठवड्यांची नवी सिस्टर, घाईत होते. मुंबईचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, सांध्यात इंजेक्शन देतात. त्याआधी प्रत्येकीच्या कागदावर ‘कातडी पुढून-मागून पाहिली’ या रकान्यात मला खूण करायची असते. बायका बाकावर दाटीने बसलेल्या, पाय उघडा करायला लाजत होत्या. मी अकराही कागदांवर खुणा केल्या आणि मोकळी झाले.

पाचवी गोदावरी. तिच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली तर माझा हातमोजा ओला झाला. वाकून पाहिलं. गुडघ्यामागे दुखण्यावरचा घरगुती उपाय म्हणून बिब्ब्याचा चटका घेतलेला, फोड फुटून पाणी येत होतं. डॉक्टर हात धूत होते. वरून कापड घातलं की त्यांना पुढचा स्वच्छ गुडघाच दिसणार होता.

गोदावरीनं माझं मनगट धरलं. "बोलू नको, बाय. भाताची लावणी तोंडावर हाय. आनखी म्हैनाभर कशी थांबू?"

खरं सांगते, तिच्यापेक्षा मला माझीच काळजी होती. बोलले तर नोकरी जाईल. गप्प बसले तर फोडातले जंतू तिच्या सांध्यात जातील.

"सर, मागे फोड आहे," मी म्हणाले. "मी खूण न बघता केली."

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. सांध्यात पू झाला तर पाय कायमचा आखडेल, असं त्यांनी गोदावरीला समजावलं आणि फोड पूर्ण बरा झाल्यावर यायला सांगितलं.

मी तिला पट्टी बांधत होते तरी तिची धुसफुस चालूच होती. "माझ्यावरच बरी तुझी नजर गेली. रंगूनं आन् मी परवा संगटच बिब्बा लावला. तिला दिलीस ना सुई?"

रंगू सकाळची पहिली. टॉवेल सरकवताना ती कळवळली होती. एवढं काय घाबरायचं, म्हणून मी तिला हसले होते. ती तासापूर्वीच एसटीने घरी गेली होती.

गठ्ठ्याच्या तळातून मी तिचा कागद काढला. फोन नंबर होता. वर माझी ठसठशीत खूण होती. डॉक्टर सहावीला हाक मारत होते.

"सर, थांबा," मी म्हणाले. "अजून एक आहे. तिला आपण इंजेक्शन दिलंय."