बुधवारची गाणी

अमरीनने त्या बुधवारी चुकीची लिंक टाकली आणि दोन तास तिला ते कळलंच नाही.

ती खारघरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवरून घाईघाईत गाणं शेअर केलं, खाली चार ओळी लिहिल्या आणि परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी करायला बसली. गाणं इरा लेपचाचं होतं. ही कालिम्पोंगची मुलगी स्वतःच्या खोलीत बसून गिटारवर गायची आणि तिला ऐकणारे फार तर हजारभर लोक असतील. अमरीनला ती वर्षभरापूर्वी सापडली होती आणि 'दुसरी बाजू'वर तिला आणणारी आपण पहिली, याचा तिला अभिमान होता.

'दुसरी बाजू' हा टेलिग्रामवरचा ग्रुप. एकशे चाळीस माणसं. लॉकडाऊनमध्ये रुतिका नावाच्या मुलीने तो सुरू केला होता. नियम दोनच. बुधवारी आपल्या आवडीचा एक गायक सगळ्यांसाठी आणायचा. तो कुणाला माहीत नसला तर उत्तम, आणि अगदी गाजलेला पॉपस्टार असला तरी लाजायचं नाही. दुसरा नियम, नुसती लिंक टाकायची नाही. का आवडलं ते लिहायचं.

रुतिकाला कुणी पाहिलं नव्हतं. ती उरणच्या बाजूला राहते, एवढंच माहीत. पण प्रत्येकाच्या गाण्याखाली तिचं उत्तर यायचंच. चार वर्षांपूर्वी अमरीनने भीतभीत आपलं पहिलं गाणं टाकलं होतं, कोरियन पोरांचं, नाचाचं. लोक हसतील असं तिला वाटलं होतं. रुतिकाने लिहिलं, "शेवटच्या कडव्याआधी मागचा एक पोरगा जोरात श्वास घेतो, ऐकलास? तो त्यांनी काढून टाकला नाही, म्हणून हे गाणं मला आवडलं." अमरीनने पुन्हा ऐकलं. श्वास होता. पन्नास वेळा ऐकूनही तिच्या कानाला तो लागला नव्हता.

तेव्हापासून अमरीन बुधवारची वाट पाहायची. घरी अब्बा चिडवायचे, "दिवसभर कानात काय घालून बसतेस गं? दुकानात जाऊन ये म्हटलं तर ऐकू येत नाही." गाण्याबद्दल बोलायला घरात कुणी नव्हतं, कॉलेजातही नव्हतं. जे काही होतं ते रुतिकाच्या त्या दोन-तीन ओळींत होतं.

तर त्या बुधवारी रुतिकाचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "दुसऱ्या कडव्यात इराचा आवाज किंचित फाटतो, तिथे मी थांबले. मागे नेऊन परत ऐकलं."

अमरीनने ते वाचलं आणि तिचे पुढचे दोन तास चांगले गेले. मग साडेतीनच्या सुमाराला अश्विन नावाच्या एकाने लिहिलं, "अमरीन, यात गाणारी कुठाय? नुसती गिटार वाजतेय."

अमरीनने लिंक उघडली. इराने त्या गाण्याच्या दोन फायली टाकल्या होत्या. एक तिच्या आवाजातली आणि दुसरी लोकांना स्वतः गाता यावं म्हणून नुसत्या गिटारची. अमरीनने दुसरी शेअर केली होती. त्यात आवाज नव्हताच.

ती रुतिकाची ओळ पुन्हा वाचत राहिली. चार वर्षांत आपण हिला किती गाणी दिली, असं तिच्या मनात आलं. तिने खासगीत विचारायला हवं होतं. पण तिने सगळ्यांसमोर लिहिलं, "रुतिका, तू हे ऐकलंच नाहीस. आमची गाणी न ऐकताच लिहितेस का?"

उत्तर आलं नाही. तेवढ्यात पुण्याचा विश्वजित कामाला लागला. त्याने संध्याकाळपर्यंत जुने मेसेज उकरून काढले आणि स्क्रीनशॉट टाकले. गेल्या सात महिन्यांत रुतिकाने जे जे लिहिलं होतं, त्यातलं बरंचसं त्या त्या व्हिडिओखालच्या लोकांच्या कमेंट्समधून उचललेलं होतं. शब्द फिरवले होते, इतकंच. इराचा आवाज फाटतो ही ओळही तिच्या आवाजातल्या फाइलखालच्या कमेंट्समध्ये सापडली. "मॅडम कमेंट्स वाचून समीक्षा करतात," त्याने लिहिलं. "नाहीतर एआयकडून करून घेतात. आपण येडे." त्याच्या मेसेजवर तीस जणांनी अंगठे दिले. त्यात एक अमरीनचा होता.

रात्री जेवण झाल्यावर तिने फोन पाहिला. रुतिकाने लिहिलं होतं, "माफ करा. चूक माझी आहे." त्याखाली टेलिग्रामची सूचना होती. ॲडमिन आता अमरीन. रुतिका ग्रुप सोडून गेली होती.

पुढच्या आठवड्यापासून ग्रुपला एक नवा शब्द मिळाला. कुणी घाईत दोन ओळी लिहिल्या की विश्वजित विचारायचा, "ऐकलंय, की रुतिका मारतोयस?" लोक हसायचे. पहिल्यांदा अमरीनही हसली.

तीन आठवड्यांनी तिला एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. "नमस्कार मॅडम. मी अंकुर, रुतिकाताईचा भाऊ. एक काम होतं. फोन करू का?"

फोनवर आवाज तरुण आणि अवघडलेला होता. "मॅडम, ते ग्रुपवर पाच वर्सं लोकांनी जे लिवलंय, गाण्यांबद्दल, ते सगळं काढून मिळेल का? ताई बाहेर पडली ना, आता तिला दिसत नाय. ती बोलत नाय, पण मला म्हायतेय तिला ते पायजे."

"तिलाच सांगा ना मला मेसेज करायला," अमरीन म्हणाली. आवाजातला कोरडेपणा तिचा तिलाच जाणवला.

"ती नाय करनार. तुमाला तिने सांगितलं नसेल. तिला ऐकू येत नाय, मॅडम. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी हायत. डाव्या बाजूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, तो कान गेला. उजव्यानं थोडं यायचं, पन सात-आठ महिने झाले, आवाज नुसता घरघर येतो. बोटीच्या मशीनसारखा. पुढच्या महिन्यात त्या बाजूचं ऑपरेशन हाय. मग तेपन नाय."

अमरीन लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर उभी होती. सात महिने. विश्वजितने मोजलेले तेच सात महिने.

"मी घेऊन येते," ती म्हणाली. "छापून आणते. पत्ता द्या."

ग्रुपवरचं सगळं लिखाण काढून छापलं तर चारशे दहा पानं झाली. रविवारी ती बेलापूरहून उरणच्या गाडीत बसली आणि स्टेशनवरून रिक्षाने मोरा बंदराच्या कोळीवाड्यात गेली. घर धक्क्याच्या अलीकडच्या गल्लीत होतं. ओट्यावर पन्नाशीची एक बाई मांदेली साफ करत बसली होती. ती रुतिकाची आई, कमळी.

"तू ती लायब्ररीवाली? ये बाय, बस," ती म्हणाली. हात पदराला पुसून तिने दाराकडे बोट केलं. "आत हाय ती. बोलते नीट, फकस्त तिला आयकू येत नाय. तू लिवून दाव. आनि हळू जा, पाठीमागून गेलीस तर दचकते."

रुतिका खिडकीपाशी बसली होती. अमरीनने मनात रंगवलेल्या बाईपेक्षा ती कितीतरी लहान दिसत होती, जेमतेम तिशीची. अंकुरने तिला आधी सांगून ठेवलं असावं, कारण तिने अमरीनला पाहून नाव विचारलं नाही. उठताना ती एका बाजूला कलली आणि भिंतीला हात लावून सावरली.

"तोल जातो," ती म्हणाली. आवाज जरा मोठा होता, पण स्वच्छ. "बस."

अमरीनने फोनवर लिहिलं, 'मला माफ कर.'

रुतिकाने वाचलं. "तू खोटं लिहिलं नव्हतंस. मी ऐकलं नव्हतंच."

'मी तुला एकटीला विचारायला हवं होतं.'

"हो," रुतिका म्हणाली. "विचारायला हवं होतंस." अमरीनला वाटलं होतं, ती 'जाऊ दे' म्हणेल. ती म्हणाली नाही.

'सांगितलं का नाहीस कुणाला?'

"काय सांगणार? गाण्यांचा ग्रुप चालवणारी बहिरी आहे?" ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "आधी वाटलं, थोडे दिवस रेटू. जुनी गाणी लक्षात होती, त्यावरून अंदाज यायचा. मग नवे नवे गायक यायला लागले. त्यांचं काहीच माहीत नाही. कुणाचा आवाज जाड, कुणाचा पातळ, काही नाही. मग लोकांनी खाली काय लिहिलंय ते वाचायचे. मला माहीत होतं मी काय करतेय. पण आठवड्यातला तो एक दिवस गेला असता तर मी काय केलं असतं? आईबरोबर मासळी निवडली असती?"

बाहेर कमळीच्या सुरीचा आवाज येत होता. अमरीनने लिहिलं, 'ऑपरेशननंतर मशीन बसवत नाहीत?'

"गाठ काढताना नसच जाणार आहे. मशीनने आवाज पाठवायचा कुठे?" हे तिने अनेकांना सांगून झालेलं असावं, इतकं ते सरळ आलं.

अमरीनने पिशवीतून पानं काढून तिच्यापुढे ठेवली. रुतिकाने गठ्ठा मांडीवर घेतला. मधूनच एक पान उघडलं, वाचलं, दुसरं उघडलं. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. अमरीनने वाकून पाहिलं. ते पहिल्या वर्षीचं रुतिकाचंच लिखाण होतं, नाशिकच्या एका गायकाबद्दल.

"हा मला आठवतो," रुतिका म्हणाली. "अजून डोक्यात वाजतो. पण आजकाल सूर चुकतोय की बरोबर आहे, ते कळत नाही. तपासून बघायला काही नाही ना."

अमरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने घाईने लिहिलं, 'मी तुला लिहून पाठवत जाईन. दर बुधवारी. गाणं कसं आहे, आवाज कसा आहे, सगळं. इराचं ते गाणं मी आत्ता लिहू?' आणि उत्तराची वाट न बघता तिने लिहिलं. गिटार कशी हळू सुरू होते, इरा पहिली ओळ जवळजवळ बोलल्यासारखी कशी गाते, दुसऱ्या कडव्यात ती वर जाते आणि आवाज खरोखरच फाटतो, ते सगळं. चांगली दहा मिनिटं लागली.

तिने दोनदा वाचलं. "छान लिहितेस आता," ती म्हणाली. "पण हे गाणं नाही गं. हे तुझं लिहिणं आहे." फोन तिने परत दिला. "नको पाठवूस. मला राग नाही आला. पण नको."

निघताना अमरीनने विचारलं, 'ग्रुपवर खरं काय ते सांगू? लोक तुझ्याबद्दल काहीबाही बोलतात.'

"काय बोलतात?"

अमरीनने फोन पिशवीत टाकला.

"नको सांगूस," रुतिका म्हणाली. "आत्ता ते मला लबाड समजतात ना? समजू दे. सांगितलंस तर एकशे चाळीस जण 'टेक केअर' लिहितील. ते मला नको." तिने अमरीनचा हात धरला. "शपथ घे."

अमरीनने मान हलवली.

पुढच्या बुधवारी विश्वजितने पुन्हा तो शब्द वापरला. अमरीनने मेसेज काढून टाकला आणि लिहिलं, "हा शब्द इथे यापुढे चालणार नाही."

"का? तूच तर पकडलं होतंस तिला!" त्याने विचारलं.

अमरीनने खरं सांगितलं असतं तर एका मिनिटात सगळे गप्प झाले असते. तिने लिहिलं, "हो. ती माझी चूक होती." लोकांनी कारण विचारलं. तिने दिलं नाही. मग कुणी म्हणालं की अमरीनही तिलाच सामील असणार. विश्वजितने वेगळा ग्रुप काढला आणि निम्मी माणसं त्याच्याबरोबर गेली. उरलेल्यांचं लिहिणं हळूहळू आटलं. दिवाळीनंतरच्या एका बुधवारी कुणीच काही टाकलं नाही. अमरीननेही नाही.

रुतिकाचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. गाठ निघाली. अंकुरचा मेसेज आला, 'ताई शुद्धीवर आली. उजवीकडचा चेहरा जरा वाकडा झालाय, डॉक्टर बोलतात सुधारेल. ऐकू नाय येत.' त्यानंतर अमरीन महिन्यातून एखाद्या रविवारी मोऱ्याला जाऊ लागली. रुतिका वाशीला खुणांची भाषा शिकायला जायची, तिथल्या मैत्रिणींबद्दल सांगायची. कधी दोघी धक्क्यावर जाऊन बसायच्या. रुतिका तिला खुणा शिकवायची, अमरीन सारख्या चुकायची. गाण्याचा विषय दोघींनी काढला नाही. ते चारशे दहा पानांचं बाड घरात कुठे दिसायचं नाही आणि अमरीनने कधी विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी ती जरा लवकर पोचली. कमळी ओट्यावर जवळा निवडत होती. दारातून आत रुतिकाची पाठ दिसत होती. ती व्हिडिओ कॉलवर कुणाशी तरी हातांनी बोलत होती. कमळी खाली मान घालून गात होती. हळदीच्या वेळी बायका म्हणतात ते गाणं, जुनं, लांब ओळींचं. आवाज भरडा होता, पण सुरात इतका पक्का की अमरीन गल्लीतच थांबली.

कमळीने वर पाहिलं आणि गाणं थांबवलं.

"थांबू नका ना, मावशी," अमरीन म्हणाली.

"नाय गं." कमळीने एकवार आत पाहिलं. "लहान होती तवा हेच आयकत झोपायची. आता तिच्या देखत नाय म्हनत मी. चुकून आलं तोंडात." तिने सूप पुढे ओढलं. "जा, आत जा. ती वाट बगते तुझी."