जांभळ्या चौकटीचे तीन नियम

अकोल्याच्या जठारपेठेतले हरिहरशास्त्री वादात आजवर कोणाला हार गेले नव्हते. याचे निम्मे श्रेय त्यांच्या विद्वत्तेला असले, तरी उरलेले निम्मे त्यांच्या आवाजाला होते. तो एकदा चढला की प्रतिपक्षाचे प्रमाण कितीही बिनतोड असो, ते त्याच्या तोंडातच राहत असे. एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर हा आवाज बसला, तेव्हा गावातल्या दोनचार वैदिक घरांत वरकरणी हळहळ आणि आतून समाधान व्यक्त झाले.

ज्येष्ठमध झाले, अडुळसा झाला, कोणी सांगितलेले मधाचे चाटण झाले. डिसेंबरात अमरावतीच्या एका डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले आणि स्वरयंत्रावर कर्करोगाची गाठ असल्याचे सांगितले. "वेळेवर आलात. किरणांच्या यंत्राचे तीस शेक घ्यायचे, शनिवार-रविवार सोडून आठवड्याला पाच. मध्ये खंड पडला तर केलेले सारे वाया जाईल. पुरे केलेत तर गाठ जाईल, आणि आवाजही बहुधा परत येईल. तोवर बोलायचे मात्र नाही."  शेवटचे वाक्य ऐकताच शास्त्र्यांनी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले, आणि डॉक्टरांनी आपले बोट ओठांवर ठेवले.

अशा रीतीने बासष्ट सालच्या पहिल्या सोमवारी शास्त्री अमरावतीस, आपली लेक कुंदा हिच्या घरी, एक पाटी आणि पेन्सिलींची पुडी घेऊन राहायला आले. दवाखान्यात कंपाउंडरने त्यांच्या मानेवर दोन्ही बाजूंनी जांभळ्या रंगाची चौकट आखली. शेक नेमका तिच्या आतच पडायचा होता, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत तिला पाणी लावायचे नव्हते. त्रिकाळ स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला हे ऐकवून कंपाउंडर निर्विकारपणे म्हणाला, "मागल्या ओसरीत बसा. नंबर लागला की हाक मारतो."

मागल्या ओसरीपुढे एक कडुनिंब होता, त्याखाली लांब बाक आणि बाजूला पाण्याचा नळ. बाकावर दोघे बसले होते. शास्त्र्यांनी बाकाचे दुसरे टोक उपरण्याने झाडले, आपला तांब्या मध्ये सीमेसारखा ठेवला आणि पाटीवर लिहून ती शेजारच्या काळ्यासावळ्या, खाकी कोटातल्या माणसापुढे धरली. 'तू कोण?'

त्या माणसाने अक्षरे मोठ्याने वाचली. मग शांतपणे म्हणाला, "पाटी चांगली मोठी आहे शास्त्रीजी. 'तुम्ही' मावते तिच्यावर."

 शास्त्र्यांनी फडक्याने 'तू' पुसला.

तो देवमन, बडनेऱ्याच्या रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला. त्याच्या मानेला गाठी होत्या आणि आठ शेक झाले होते. पलीकडे बसलेल्या दुर्गाबाई परतवाड्याच्या कासारीण. छातीच्या गाठीसाठी त्यांची ही दुसरी खेप होती, त्यामुळे यंत्राबद्दल डॉक्टरांना जे ठाऊक नव्हते तेही त्यांना ठाऊक होते. कोणत्या आठवड्यात कातडी जळजळते, कोणत्यात तोंडाची चव जाते, नंबराआधी कंपाउंडरशी काय बोलू नये, हे सारे त्या न विचारता सांगत. शास्त्र्यांना न विचारता सांगणे हा आपला अधिकार वाटत असे. पहिले काही दिवस त्यांना ही बाई मुळीच आवडली नाही.

पण ओसरीवर बोलल्याशिवाय कोणाचे चालत नाही, आणि शास्त्र्यांच्या पाटीला वाचक हवा होता. तो देवमन झाला. शास्त्री लिहीत, देवमन खड्या आवाजात वाची आणि वाचता वाचता स्वतःची भर घाली. 'ही ओसरी अस्वच्छ आहे' याचे "शास्त्रीजी म्हंतात का वसरी घान आहे, अन् कंपाउंडरले झाडू द्या," असे होई. शास्त्री रागाने पेन्सिल आपटत, आणि मग मनाशी कबूल करत की भर अगदीच अनुचित नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात दर्यापूरकडचे पंजाबराव यांचे तीस शेक पुरे झाले. त्या दिवशी एक गंमत घडली. पंजाबराव नळाशी गेले आणि चौकट चोळू लागले, तशा दुर्गाबाई धावल्या. "आपल्या हातानं नका पुसू, पाटील! लई घाईनं घासता तुमी, कातडं जाईल. थांबा!" त्यांनी ओल्या फडक्याने रंग हलकेच टिपून काढला, देवमनने पाणी धरले, आणि पंजाबराव लहान मुलासारखे मान वाकवून उभे राहिले. नंतर त्यांनी सगळ्यांना शिरा दिला. ज्यांना गिळवत नव्हते त्यांनी तो नुसता हातात धरला.

शास्त्र्यांच्या व्यवस्थित मनाला अशी घटना नियमाशिवाय मोकळी सोडवेना. घरी जाऊन त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, वळणदार अक्षरांत, तीन नियम लिहिले आणि दुसऱ्या दिवशी खळ लावून ते ओसरीच्या भिंतीवर चिकटवले.

'पहिला: रंग स्वहस्ते काढू नये. दुसरा: तीस शेक पूर्ण झाल्यावाचून काढू नये. तिसरा: काढणाराच्या अंगावरील रंग कायम असावा.'

देवमनने ते वाचून विचारले, "अन् एखाद्याची अडचण असली तर? कोनाचं लग्न निंगलं, कोनाचं मरन. काही सूट?"

शास्त्र्यांनी कागदाच्या तळाशी लिहिले, 'अपवाद नाही,' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"पक्कं?"

शास्त्र्यांनी तिसरी रेघ ओढली.

चौथा आठवडा आला, आणि दुर्गाबाईंनी सांगितले होते ते सगळे शास्त्र्यांच्या घशात उतरले. पाणीसुद्धा काट्यासारखे जाऊ लागले. निदान कुजबुजण्याइतका आवाज होता, तोही गेला. डॉक्टर म्हणाले, हे व्हायचेच. परंतु शास्त्र्यांना वाटू लागले की जो इलाज आवाज परत आणणार होता तोच उरलासुरला आवाज घेऊन चालला आहे. रात्री कुंदाने केलेला भात समोर तसाच राही.

दुर्गाबाईंनी एके दिवशी किटलीतून ज्वारीची थंड, बिनमिरचीची आंबील आणली आणि पितळी पेला त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या महाराज. पहिल्या खेपेले मी ह्याच्यावरच निंगली." शास्त्र्यांनी पेल्याकडे पाहिले, दुर्गाबाईंकडे पाहिले, पाटीवर 'आपद्धर्म' असे लिहिले आणि आंबील प्यायले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले आणि प्यायले. आठव्या दिवशी देवमन म्हणाला, "शास्त्रीजी, ही आपद् रोजच अकराच्या सुमाराले येऊन राह्यली." तेव्हापासून त्यांनी तो शब्द लिहिणे सोडले. तांब्याही बाकाखाली गेला.

याच सुमारास वर्तमानपत्रांतून अष्टग्रहीचा गाजावाजा सुरू झाला. फेब्रुवारीच्या तीन तारखेपासून पाचपर्यंत आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते, आणि जगबुडी होईल अशी बोलवा होती. अकोल्याने शांतिहोम योजला. शास्त्र्यांना पत्र आले की ब्रह्मा म्हणून आपणच बसावे. यज्ञात ब्रह्म्याने दक्षिणेकडे मौन धरून बसायचे आणि इतरांच्या चुका पाहायच्या. हे पद शास्त्र्यांसाठीच निर्माण झाले असावे, असे पत्र लिहिणाऱ्यालाही वाटले असेल. मात्र रविवारी डोक्यावरून स्नान करून बसायचे होते, आणि सोमवारी सकाळी पूर्णाहुती होती.

शुक्रवारी, चोविसावा शेक आटोपून, शास्त्र्यांनी पाटी पुढे केली. देवमनने वाचले, "'मी आज अकोल्यास जातो. सोमवारी येणार नाही.'" त्याने मान वर केली. "मंगळवारी?"

शास्त्र्यांनी लिहिले, 'जग राहिले तर पाहू.'

"सहा शेक राह्यले तुमचे!" दुर्गाबाई म्हणाल्या. "अन् हा रंग? न्हायल्यावर काय राहीन?"

'धर्मकार्य आहे. शिवाय गुण नाही,' शास्त्र्यांनी लिहिले. शेवटचे दोन शब्द त्यांनी लगेच बोटाने पुसले, पण देवमनने ते वाचले होते. या वेळी त्याने मोठ्याने वाचून दाखवले नाही.

"तुले नाही भेव वाटत त्या ग्रहायचं?" शास्त्री गेल्यावर दुर्गाबाईंनी विचारले.

"मले? छप्पन्न साली दीक्षा घेऊन मी घरच बदललं, बाई. ग्रहायजवळ माहा नवा पत्ता नाही," देवमन म्हणाला. तो उठून भिंतीपाशी गेला आणि नखाने कागदाचा कोपरा उचकटू लागला. "पन शास्त्रीजीचा पत्ता मले माहीत आहे. कुंदाताईनं सांगतला."

रविवारी सकाळी दहा वाजता जठारपेठेतल्या मागच्या अंगणात बंब धडधडत होता. शास्त्री पंचा नेसून पाटावर बसले होते. ऊन पाण्याने भरलेला तांब्या त्यांनी उचलला, संकल्पाचे शब्द मनातल्या मनात म्हटले, आणि तांब्या डोक्यावर नेला. तोच दाराशी त्यांच्या पत्नीचा, सिंधूताईंचा, आवाज आला. "अहो, थांबा! अमरावतीची मंडळी आली आहेत."

मागच्या दाराने देवमन आणि दुर्गाबाई अंगणात शिरले. शास्त्री तसेच राहिले, तांब्या वर, हात ताठ.

"राम राम महाराज," दुर्गाबाई म्हणाल्या. "खाली घ्या तो. हात दुखीन."

शास्त्र्यांनी डाव्या हाताने जोराने खूण केली. पाटी!

"पाटी ना?" सिंधूताई मागल्या ओट्याच्या कडेला ऐसपैस बसल्या होत्या. "कालपासून सापडत नाही बाई. कुठं ठेवलीत कोण जाणे." हे सांगताना त्यांनी लुगडे सावरले आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला उत्तर देता येत नाही असा प्रसंग त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता, आणि तो इतक्यात संपवण्याची त्यांना घाई नव्हती.

देवमनने कोटाच्या खिशातून कागद काढला. त्याला मागे ओसरीचा चुना खपल्या-खपल्यांनी चिकटला होता. "तर," तो कोर्टातल्या शिरस्तेदारासारखा म्हणाला, "'रंग स्वहस्ते काढू नये.' हा तांब्या कोनाच्या हातात आहे?"

शास्त्र्यांनी हाताकडे पाहिले.

"'तीस शेक पूर्ण झाल्यावाचून काढू नये.' किती झाले? चोवीस. अन् खाली काय आहे?" त्याने कागद फिरवून शास्त्र्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "'अपवाद नाही.' रेघा तीन. तिसरी तर मी विचारल्यावर मारली तुमी. अक्षर कोनाचं?"

प्रतिपक्षाला त्याच्याच वचनाने गाठायचे, ही शास्त्र्यांची आयुष्यभराची आवडती रीत. आपल्यावर तिचा प्रयोग होत असल्याचे पाहून ते संतापले, आणि प्रयोग निर्दोष आहे हे दिसल्याने अधिकच संतापले. त्यांनी आकाशाकडे बोट दाखवले, मग आठ बोटे.

"आठ ग्रह. मालूम आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. "महाराज, उद्या जग बुडालं तर तुमचा एक शेक फुकट जाईन. नाही बुडालं तर तुमीच फुकट जान." त्या जवळ आल्या आणि आवाज उतरवून बोलल्या, "अन् गुन नाही म्हंता ना? देवमननं सांगतलं मले. पहिल्या खेपेले चोविसाव्या शेकाले मीबी रडत परतवाड्याले पळाली होती. कोनी आलं नाही मले आनाले. म्हनून तर ही दुसरी खेप."

बंबातला एक निखारा तडकला. शास्त्र्यांनी तांब्या सावकाश खाली आणला आणि पाणी तुळशीच्या बाजूला ओतले. मग सिंधूताईंकडे वळून त्यांनी हात पुढे केला. सिंधूताई उठल्या आणि अंगाखालची पाटी त्यांना दिली.

त्या दुपारी मंडपात शास्त्री अंगाला भस्म लावून, कोरड्या डोक्याने, जांभळी मान ताठ ठेवून दक्षिणेकडे बसले. स्नानाशिवाय ब्रह्मा कसा, म्हणून दोन वैदिकांनी आक्षेप घेतला. शास्त्र्यांनी पाटी दाखवली. स्नानाचे प्रकार सात, पाण्याचे त्यांतले एक. आजाऱ्यास भस्माचे पुरते. आवाजाशिवाय जिंकलेला हा त्यांचा पहिलाच वाद, आणि तो केवळ प्रमाणावर जिंकल्याचे त्यांना स्वतःलाही थोडे नवल वाटले. धूर आपल्याकडे वळताच मात्र त्यांनी आसन उचलून दोन हात मागे घेतले, कारण मंडपाच्या दोरीशी दुर्गाबाई डोळे वटारून उभ्या होत्या.

पूर्णाहुतीला ते थांबले नाहीत. सोमवारी पहाटेच्या गाडीने तिघे बडनेऱ्याला उतरले आणि साडेअकराला शास्त्र्यांचा पंचविसावा शेक झाला. जग दिवसभर होते तसेच राहिले.

बारा तारखेला, तिसावा शेक झाल्यावर, डॉक्टरांनी घशात आरसा घातला आणि बराच वेळ पाहिले. "गाठ दिसत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा या. एखादा शब्द बोलून पाहा, पण हळू."

शास्त्री न बोलता ओसरीवर आले आणि नळापाशी मान वाकवून उभे राहिले. देवमनला मध्ये ताप आल्यामुळे डॉक्टरांनीच त्याचे शेक पंधरवडा लांबवले होते, म्हणून त्याचा रंग अजून कायम होता. त्याने फडके भिजवले. दुर्गाबाईंनी पाणी धरले. जांभळे ओघळ शास्त्र्यांच्या उपरण्यावर उतरले आणि सगळी ओसरी कान देऊन उभी राहिली. पहिला शब्द कोणता येणार? कोणी म्हणाले गायत्री, कोणी म्हणाले आशीर्वाद.

शास्त्र्यांनी घसा साफ केला. आवाज आला, फाटका, खरखरीत, पण आवाजच.

"डाव्या कानाखाली राहिलं आहे. नीट पुसा."

"काही राह्यलं नाही," देवमन म्हणाला.

"राहिलं आहे म्हणतो ना!"

"मले दिसून राह्यलं शास्त्रीजी, तुमाले नाही. मान तुमची, डोळे माहे."

"तरीही पुसा. नियम तुम्हीच वाचून दाखवलात. त्यात 'अर्धवट काढावा' असं कुठं आहे?"

डॉक्टर आतून ओरडले, "हळू! एक शब्द म्हटलं होतं मी!" पण तोवर देवमनने कोटाच्या खिशातला तो चुना लागलेला कागद काढून उलगडला होता, आणि बडनेऱ्याची दुपारची गाडी चुकेपर्यंत काही त्यांचे एकमत झाले नाही.