साहेब वाकला

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. म्हणून बँकेने काढून टाकल्यावर रुश्दीने रॅफल्ससाहेबाचं सोंग घेतलं.

सिंगापूर वसवणारा हा इंग्रज साहेब नदीच्या काठी जिथे पहिल्यांदा उतरला म्हणतात, तिथे त्याचा पांढरा पुतळा हाताची घडी घालून उभा आहेच. शेजारच्या चौथऱ्यावर तस्साच पांढरा रंग फासून, तश्शीच घडी घालून रुश्दी उभा राहायचा. मुकादम जेराल्डचा नियम एकच: हललास किंवा बोललास, तर उद्या येऊ नकोस. घरी अजून बँकच चालू होती. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो निघे, आणि अबाह, म्हणजे त्याचे वडील, दारापर्यंत येऊन कौतुकाने बघत. त्या बघण्याचीच त्याला भीती वाटायची.

ईद होऊन चार दिवस झाले होते. भर दुपारी पुलावरून अबाह उतरले, सोबत मलाक्काहून आलेली आत्या. रुश्दीला पळता येईना, तोंड फिरवता येईना.

"जमारी, हा खरा की मातीचा?" आत्याने अबाहांना विचारलं.

"पगारी दिसतोय, ताई." अबाह जवळ आले. "काय साहेब, दोनशे वर्षं झाली येऊन. आता तरी बसा."

आत्या खो खो हसली. अबाहांनी तिच्या हाती फोन दिला. "काढ फोटो. रुश्दीने बरा काढला असता, पण बँकेत त्याच्यावाचून पान हलत नाही."

रंगाखाली रुश्दीला घाम फुटला. तेवढ्यात अबाहांनी थट्टेने हात पुढे केला. "मिळवा हात."

वडिलांचा हा हात पुढे आला की सलाम म्हणून तो दोन्ही हातांत धरायचा, वाकायचं, त्यावर नाक टेकवायचं. चालायला लागल्यापासून रुश्दी हेच करत आला होता, ईदच्या सकाळीही केलं होतं. त्याने विचार केलाच नाही. साहेब वाकला.

गर्दीत हशा आणि टाळ्या उसळल्या. फक्त अबाह हसले नाहीत. ते रुश्दीच्या डोळ्यांत बघत राहिले.

जेराल्ड धावत आला. संपलं, रुश्दीला वाटलं.

"झकास!" जेराल्ड म्हणाला. "आता रोज हेच. म्हाताऱ्याने हात पुढे केला की वाकायचं."

"नाही," अबाह म्हणाले.

"काका, तुमचा काय संबंध?"

अबाहांनी तोंड उघडलं. शेजारी आत्या उभी होती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मलाक्काला कळलं असतं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि पांढरा झालेला हात त्यांनी खिशात घातला. "चल ताई."

एक जर्मन म्हातारा पुढे आला. त्याने हसत हात पुढे केला. जेराल्ड बघत होता. पुलाच्या पायरीवर अबाह थांबले होते, वळून बघत होते.

रुश्दीने तो हात दोन्ही हातांत धरला आणि वाकून नाक टेकवलं.